साटमांच्या हॉलमधल्या सहा लाद्या

कोणाच्या घरी गेले की मी आधी खाली बघते. घरातल्या बाईला वाटतं, चपला कुठे काढायच्या ते बघतेय. मी लादी बघत असते. सांधे सरळ आहेत का, एखादा कोपरा वर आलाय का, चालताना कुठे पोकळ वाजतंय का. माझी सून म्हणते, "आई, लोकांच्या घरी जाऊन ठोकत जाऊ नका." मी ठोकत नाही. टाच जरा जोरात टेकते, एवढंच.

सत्तावीस वर्षं मी लाद्यांच्या दुकानात काढली. घणसोली गावातून रबाळ्याकडे निघालं की रस्त्याला लागून ते दुकान आहे, मागे पत्र्याचं गोडाऊन. मालक दामूशेठ, घणसोलीतलेच आगरी. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा मार्केटात ओझी उचलायचा, त्याची कंबर गेली, म्हणून मी कामाला लागले. त्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही. दुकानात लागले ती लाद्यांवर फडकं मारायला.

फडकं मारता मारता लादी कळते. फडकं कुठे अडतं, कुठे घसरतं, कडेला कुठे हाताला टोचतं. एकदा मी शेठना म्हटलं, "कालचा माल आणि आजचा माल एक नाही." ते म्हणाले, "नाव एकच हाय, नंबर एकच हाय, तुला काय सपान परलं?" पंधरा दिवसांनी दोन गिऱ्हाइकं तक्रार घेऊन आली. तेव्हापासून टेम्पो आला की शेठ आधी मला हाक मारायचे. पुढे गिऱ्हाइकंही मला विचारायला लागली. शेठ काउंटरवरून ओरडायचे, "मावशीनं बघितलं हाय, आता तू नको बघू." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते खरं वाटायला लागलं.

आता मोठ्या लादीबद्दल सांगते, कारण हल्ली सगळ्यांना तीच हवी असते. पूर्वी फूट बाय फूट, मग दोन बाय दोन, आता चार फूट बाय दोन फूट. त्याहूनही मोठ्या येतात, दाराएवढ्या. लोकांना वाटतं, लादी मोठी म्हणजे सांधे कमी, सांधे कमी म्हणजे घाण कमी. ते बरोबर आहे. पण लादी मोठी म्हणजे तिची खोडही मोठी. लहान लादी थोडी वाकडी असली तर सांध्यात खपून जाते. चार फुटी लादी वाकडी असली तर तिची कड उभी राहते, आणि म्हाताऱ्या माणसाचा अंगठा तिला बरोबर सापडतो.

वाकडेपणाला आमच्या धंद्यात बेंड म्हणतात. तो बघायची रीत सोपी आहे. दोन लाद्या तोंडाला तोंड लावून उभ्या करायच्या आणि कडांच्या फटीत बघायचं. मी फटीत लग्नपत्रिकेचा तुकडा घालायचे. जाड, चांगल्या कागदाची पत्रिका होती. कोणाच्या लग्नाची ते आठवत नाही. तुकडा आत गेला की ती जोडी बाजूला. थोडा बेंड प्रत्येक लांब लादीत असतो, तो नाही असं सांगणारा दुकानदार खोटं बोलतो. म्हणून लांब लाद्या विटांसारख्या अर्ध्यावर अर्धी लावू नयेत. एकीचं पोट दुसरीच्या टोकाशी येतं आणि कड वर राहते. लावायच्याच असतील तर तिसऱ्या हिश्श्यावर सरकवाव्यात.

दुसरं, पाणी. लादी उलटी करायची आणि पाठीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. चांगली पोर्सेलीन पाणी पीत नाही, थेंब तसेच बसून राहतात. थेंब आत गेले की समजायचं, नाव पोर्सेलीन, माल दुसरा. तिसरं, चमक. चकचकीत लादी ट्यूबलाइटखाली आडवी धरायची. लादीत ट्यूबलाइट सरळ दिसली पाहिजे. ती सापासारखी दिसली तर वरचा थर सारखा नाही. आणि चौथं, शेड. एकाच नावाची लादी दोन वेळा भट्टीतून आली की रंगात फरक पडतो. त्या शेडचा नंबर पेटीवर छापलेला असतो, लादीवर नसतो. सगळ्या पेट्यांचा नंबर एकच हवा, आणि एक पेटी जास्तीची घेऊन ठेवावी, कारण तोच रंग परत येत नाही. शेड बघायची ती उन्हात. दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच लाद्या सख्ख्या बहिणी शोभतात.

हे सगळं मी लोकांना सांगायचे. लोक मान हलवायचे आणि मोबाईलमधला फोटो पुढे करायचे. एका साहेबाने परदेशातल्या हॉटेलचा फोटो दाखवला. पांढरी, आरशासारखी लादी हवी. मी विचारलं, घरी कोण कोण? म्हणाला, ऐंशी वर्षांचे वडील. मी तसली एक लादी खाली ठेवली, वर मगभर पाणी ओतलं आणि म्हटलं, "चप्पल काढा, चालून दाखवा." तो चालला नाही. त्याने खरखरीत लादी घेतली. शेठ मला म्हणाले, "गिऱ्हाइकाला घाबरवू नको." मी म्हटलं, "वडिलांना घाबरवण्यापेक्षा बरं."

मला शिकवून गेलेलं गिऱ्हाईक एकच. साटमवहिनी. खांदेश्वरला स्टेशनपासून जवळच त्यांचा फ्लॅट. साटमसाहेब मुंबईत नोकरी करून रिटायर झालेले. हातात आलेल्या पैशातून घराची फरशी बदलायची ठरली. साहेब दुकानात येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मला टेन्शन देऊ नका, हिला विचारा." वहिनींनी पिशवीतून दोन वाट्या काढल्या. एकीत तेलात कालवलेली हळद, दुसरीत आमसुलाचं पाणी.

"कुठली लादी दाखवू?" मी विचारलं.

"दाखवू नका. तीन नमुने खाली मांडा."

मांडले. त्यांनी तिन्हींवर हळद फासली, शेजारी आमसुलाचं पाणी ओतलं आणि स्टुलावर बसून राहिल्या. तासभर. मध्ये मला विचारलं, चहा मिळेल का. तास झाल्यावर पुसलं. एका लादीवर पिवळा डाग राहिला. कंपनीच्या माणसाने मला सांगितलेलं, त्या लादीवर काही बसत नाही. वहिनी म्हणाल्या, "कंपनीच्या माणसाच्या घरी सोलकढी करत नसतील."

तीन खेपा घातल्या त्यांनी. शेवटी राखी रंगाची, मंद चमकेची, अंगात बारीक पांढरी रेघ असलेली चार बाय दोनची लादी ठरली. तेवीस पेट्या. एका पेटीत दोन लाद्या. बावीस पेट्या हॉलला आणि पॅसेजला, एक जास्तीची. मला बाई आवडली. तिच्या लाद्या मी स्वतः बघून द्यायच्या ठरवल्या, एकूण एक.

मिस्त्रीही मीच सुचवला. महादेव. आमच्याच गावाकडचा, कोरेगावकडचा. बारा-तेरा वर्षं तो एका कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली होता. हात चांगला, बोलणं कमी. नुकताच त्याने कॉन्ट्रॅक्टर सोडलेला. साटमांचं काम हे त्याचं स्वतःच्या नावाचं पहिलं. त्याच बिल्डिंगमधली आणखी तीन घरं फरशी बदलणार होती आणि तिघांनीही सांगितलं होतं, साटमांकडचं काम बघू, मग ठरवू. महादेवने मला येऊन हे सांगितलं, पेढा दिला. मी म्हटलं, "काम झाल्यावर दे." तो म्हणाला, "झाल्यावर दुसरा दीन."

आता माझ्या कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. दुसऱ्या दुकानांत पेटी जशी येते तशी जाते. मी पेटी फोडायचे. लाद्या बाहेर काढून भिंतीला उभ्या करायचे, जोड्या लावून बेंड बघायचे, कोपरे बघायचे, आणि परत पेटीत घालून चिकटपट्टी मारायचे. पण चार बाय दोनची लादी एका माणसाने हलवायची नसते. आडवी उचलली तर मध्ये लचकते. उभी धरायची, दोघांनी, दोन टोकं. जो एकट्याने उचलतो तो एक दिवस कोपरा फोडतो. त्यामुळे उचलायला माणसं मिळतील त्या दिवशीच माझं काम व्हायचं.

त्या सकाळी दोन माणसं मिळाली, दुपारपर्यंतच. त्याच नावाचा, त्याच डिझाइनचा आणखी एक लॉट गोडाऊनमध्ये पडलेला, रबाळ्याच्या एका कॅन्टीनसाठी. नंबर वेगळा. मी विचार केला, माणसं आहेत तर दोन्ही लॉट बघून घेऊ. साटमांच्या लाद्या एका भिंतीला, कॅन्टीनच्या दुसऱ्या भिंतीला. दोन्ही रांगा लांबत गेल्या आणि कोपऱ्यात एकमेकींना भेटल्या. परत भरताना माणसांना घाई होती. मी पत्रिकेचा तुकडा घेऊन कडा बघत होते. रंग बघत नव्हते. गोडाऊनमध्ये ऊन येत नाही.

हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी मी पेट्यांवर खडूने बरोबरची खूण केली आणि घरी जाऊन जेवले.

चांगला मिस्त्री लाद्या लावायच्या आधी कोरड्या मांडून बघतो. सगळ्या खोलीत, उजेडात. त्याला अख्खा दिवस जातो. महादेवने मला साटमांच्या घरून फोन केला.

"मावशी, खिडक्यांना रंगाऱ्यानं प्लॅस्टिक लावलंय. उजेड न्हाई. प्लॅस्टिक काडून एकदा मांडून बगू का?"

"कशाला? मी एक-एक बघितलीय."

"न्हाई, आपली रीत म्हनून."

"माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

"तसं न्हाई वो मावशी."

"मग लाव."

त्याने लावल्या. आमच्याकडे लादी लावून झाली की तिच्यावर प्लॅस्टिक आणि वर प्लास्टरचा थर देतात, रंगकामात खराब होऊ नये म्हणून. महिनाभर कोणी फरशी बघितली नाही. रंग झाला, खिडक्या मोकळ्या झाल्या, थर काढला, फरशी धुतली. दुपारी गॅलरीतून ऊन आत आलं. चव्वेचाळीस लाद्यांपैकी सहा पिवळसर दिसायला लागल्या. बरोबर हॉलच्या मधोमध, दिवाणापासून दारापर्यंत, इथे एक, तिथे दोन.

मंगळवारी साटमसाहेबांचा दुकानात फोन आला. शेठ म्हणाले, "कमळे, जाऊन बघून ये." मी गेले.

हॉलमध्ये साहेब, वहिनी आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उभे होते, ज्यांच्याकडे पुढचं काम होणार होतं. महादेव दाराशी उभा होता, आत आला नव्हता. मला सहा लाद्या दारातूनच दिसल्या. न दिसण्यासारखं काही नव्हतं.

साहेब म्हणाले, "पेट्यांचे सगळे खोके आम्ही ठेवलेत. बघा. सगळ्यांवर एकच नंबर. म्हणजे दुकानातून माल बरोबर आला."

"हो," मी म्हटलं.

"मग या सहा आल्या कुठून?"

दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "अहो, सोपं आहे. सहा फोडल्या असतील, दुसरीकडच्या आणून बसवल्या. किंवा चांगल्या दुसऱ्या साइटला गेल्या. हे लोक करतात असं."

महादेव म्हणाला, "मी न्हाई बदलल्या, साहेब."

"मग कोणी बदलल्या, वॉचमनने?"

 वहिनींनी मला चहा दिला. मी खाली बसून बोटांनी लाद्या वाजवल्या, सांधे बघितले. काम सुंदर होतं. एक कड वर नव्हती, एक जागा पोकळ नव्हती. मग मी गॅलरीत ठेवलेली जास्तीची पेटी उघडली. दोन लाद्या होत्या. वरच्या बाजूने बघितल्या, मग उलट्या केल्या. लादीच्या पाठीवर साच्याची जाळी असते. एकीच्या पाठीवर सरळ रेघा, दुसरीच्या पाठीवर चौकोन. चौकोनाची जाळी कॅन्टीनच्या लॉटची. ती पेटी मी फोडलेली, मी भरलेली, वर माझ्या हाताची पट्टी, माझी खडूची खूण. मला कोपऱ्यात भेटलेल्या त्या दोन रांगा तिथल्या तिथे दिसल्या.

"काय कळलं?" साहेबांनी विचारलं.

"बघते," मी म्हटलं. "दुकानात जाऊन बघते."

चहा संपवला, कप मोरीत ठेवला आणि निघाले. महादेवने खाली रिक्षापर्यंत सोबत केली.

बुधवारी मी रबाळ्याला त्या कॅन्टीनमध्ये जाऊन चहा मागवला. हात धुवायच्या जागेजवळ, टेबलांखाली सात राखी लाद्या होत्या, बाकीच्या पिवळसर. लावून, सांधे भरून झालेल्या. त्यांवर लोक सांबार सांडत होते. कोणाला काही दिसलं नव्हतं. मालकाने मला विचारलं, "मावशी, फरशी मस्त झाली ना?" मी हो म्हटलं. सात इथे, सहा तिथे, एक गॅलरीत. हिशेब जुळला. त्याने मला काही बरं वाटलं नाही.

मी शेठना काही सांगितलं नाही. घरीही नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. का सांगितलं नाही, याला मी नंतर बरीच कारणं शोधली. लावलेल्या लादीची तक्रार चालत नाही असं पेटीवरच छापलेलं असतं, हे एक. शेठना त्रास नको, हे दुसरं. खरं कारण एकच होतं. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या मालाची तक्रार आली नव्हती, आणि मावशीने बघितलंय म्हटलं की विषय संपायचा. ते मला सोडवत नव्हतं. शुक्रवारी कळलं, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी महादेवला नको म्हणून कळवलं आणि बाकीच्या दोघांनाही सांगितलं, हा माणूस लाद्या बदलतो. मी तेही ऐकून घेतलं आणि लाद्यांवर फडकं मारलं.

शनिवारी सकाळी महादेव दुकानात आला. मला वाटलं, भांडायला आला. मी तयार होते. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तो काउंटरपाशी न थांबता सरळ गोडाऊनमध्ये माझ्याकडे आला आणि म्हणाला,

"मावशी, माजंच चुकलं."

"काय?"

"कोरडं मांडायला पायजे हुतं. तुमी काय बी म्हनला तरी माजं काम हुतं ते. कंपनीनंच पेटीत चुकीचा माल भरला आसल, तर त्यो मला दिसाय पायजे हुता. माज्यापायी तुमच्या दुकानाचं नाव खराब झालं. म्या आता परत कॉन्ट्रॅक्टरकडं जातो. त्यो घेतो म्हनालाय."

"कधीपासून?"

"सोमवारपास्नं."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हटलं, "कंपनीने नाही भरला. मी भरला."

त्याला समजलं नाही. मी त्याला कोपरा दाखवला, दोन भिंती दाखवल्या, पाठीची जाळी सांगितली, कॅन्टीनमधल्या सात लाद्या सांगितल्या. तो उभा राहून ऐकत होता.

"हे तुमाला कवा कळलं?"

"मंगळवारी. तिथेच."

"च्या पिताना?"

"चहा पिताना."

"आनि आज शनिवार."

"हो."

त्याने त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. तो एवढंच म्हणाला, "चला."

"कुठे?"

"खांदेश्वरला. हे मला नगा सांगू. मला म्हाईतच हुतं का मी बदलल्या न्हाईत. त्यांना सांगा."

त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. रस्ताभर त्याने खड्डे चुकवले.

साटमांच्या दारात मी साहेबांना म्हटलं, "दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना बोलवा, आणि ज्या दोन घरांत काम होणार होतं त्यांनाही." ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "एकदाच बोलायचंय." तिघे आले. मी गॅलरीतल्या दोन लाद्या महादेवच्या मदतीने बाहेर आणल्या, उलट्या करून ठेवल्या आणि सगळं सांगितलं. पाच मिनिटं लागली. मला वाटलं होतं जास्त लागतील.

दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "पण त्याने लावायच्या आधी बघायला हवं होतं."

"त्याने विचारलं होतं. मी नको म्हटलं. तुम्ही त्याला चोर म्हणालात, मी ऐकत बसले. चोर म्हणायचं तर मला म्हणा. चोरी नाही केली, पण चार दिवस लपवलं."

त्यांनी मला चोर म्हटलं नाही. मोबाईल बघितला आणि म्हणाले, काम आहे, येतो.

वहिनी म्हणाल्या, "मंगळवारी तुम्ही इथेच बसला होतात. मी तुम्हाला चहा दिला."

"हो."

"मी तासभर हळद लावून बसले होते तुमच्या दुकानात. मला वाटलं, एक तरी माणूस माझ्यासारखं बघणारं भेटलं."



साहेबांनी महादेवला विचारलं, "आता या सहा काढता येतील?"

"काडता येतील साहेब. पर शेजारची फुटनार. लादी चिकटलिया चांगली. आनि ह्या रंगाची एकच शिल्लक हाय. तो रंग परत यायचा न्हाई."

"म्हणजे अख्खा हॉल?"

"आख्खा हॉल."

मी म्हटलं, मी शेठना सांगते, दुकान लाद्या देईल. देतील का मला माहीत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "नको. माझ्या घरात परत महिनाभर धूळ नको. दिवाण दोन हात सरकवला की दोन झाकतील. चार राहू देत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण एक सांगते. घरात जो येईल तो विचारणार, या चार वेगळ्या का. प्रत्येकाला मी सांगणार, दुकानातल्या मावशीची चूक. मिस्त्रीची नाही. नाव घेऊन सांगणार."

"सांगा," मी म्हटलं. "कमळाबाई सांगा. दुकानात आणखी मावशा आहेत."

त्यांना हसू आलं नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

शेठना सोमवारी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "कोनी विचारलं होतं तुला?"

"नाही."

"पेटीवरचा नंबर बरोबर होता ना?"

"हो."

"मंग! सत्तावीस वर्सांत एक लादी नाय फोरलीस, आन आता दुकानाचं नाव फोरलंस." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि त्यांनी हाक मारली, "कमळे, बघ गो." पण 'मावशीनं बघितलं हाय' हे वाक्य त्यांनी पुन्हा कोणत्याही गिऱ्हाइकाला ऐकवलं नाही. मीही त्यांना आठवण केली नाही. कॅन्टीनवाल्याला मात्र मी सांगितलं. त्याने टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "कुठे फरक आहे?"

वहिनींनी शब्द पाळला. वर्षभरात तीन गिऱ्हाइकं मला दुकानात विचारून गेली, "त्या साटमांच्या लाद्यांवाल्या तुम्हीच का?" मी म्हणायचे, "मीच. काय दाखवू?" तिघांनीही माल घेतला. का घेतला ते मी विचारलं नाही.

महादेव कॉन्ट्रॅक्टरकडे गेला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी त्याला काम दिलं नाहीच. आपण कोणाला काय बोललो हे ज्याच्यासमोर आठवतं, तो माणूस लोकांना घरात नको असतो. पण बाकीच्या दोघांनी दिलं. पावसाळा संपल्यावर पहिल्या घराच्या लाद्या न्यायला तो टेम्पो घेऊन दुकानात आला. तिथल्या बाईने आमच्याकडचीच लादी पसंत केलेली, पुन्हा चार बाय दोन, अठरा पेट्या. मी आदल्या दिवशी सगळ्या उघडून, उन्हात नेऊन बघितल्या होत्या. एका वेळी एकच लॉट. पट्ट्या मारून, खुणा करून तयार.

महादेवने खिशातून ब्लेड काढलं आणि पहिल्या पेटीची पट्टी कापली.

शेठ काउंटरवरून म्हणाले, "अरे, बघितलेल्या हायत त्या."

"व्हय," तो म्हणाला आणि दुसरी कापली.

छत्तीस लाद्या. दुकानासमोर ऊन होतं. त्याने जमिनीवर खोके उलगडून अंथरले आणि माझ्याकडे न बघता पहिली लादी उभी करून एक टोक धरलं. टेम्पोवाला चहाला गेला होता. माझ्या हातून गेलेली पेटी दुसऱ्या कोणी उघडून बघावी, असं सत्तावीस वर्षांत झालं नव्हतं. आणि ही लादी एकट्याने उचलायची नसते.

मी दुसरं टोक धरलं.